दशावतारी नाटक, डबलबारी, जुनी कॅसेट: कोणत्या फाइलीत रेकॉर्ड करावं, कोणत्या सॉफ्टवेअरवर काम करावं

कोकणातल्या दशावतारी नाटकाला बहुधा लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद कलाकार रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवांचं उत्तरही समोरच्या बारीच्या सवालावर तिथेच सुचलेलं असतं. म्हणजे त्या रात्रीचं रेकॉर्डिंग हाच त्या रात्रीच्या शब्दांचा एकमेव पुरावा. तो एकदा हलक्या फाइलीत अडकला की पुढे कितीही चांगलं सॉफ्टवेअर आणलं तरी गेलेला आवाज परत मिळत नाही. म्हणून तीन फाइली वेगळ्या धरायच्या: रेकॉर्ड करून जपायची एक, काम करायची दुसरी, लोकांना वाटायची तिसरी. बहुतेक घोटाळे या तिघींची सरमिसळ झाल्याने होतात.

रेकॉर्ड करताना

वेव्ह, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. झूम किंवा टॅस्कॅमच्या हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर हे मेनूत निवडता येतं. पेटीतून काढल्यावर रेकॉर्डर १६ बिटवर किंवा थेट एमपीथ्रीवर लावलेला असू शकतो, म्हणून जत्रेला निघण्याआधी घरीच तपासा.

४८ किलोहर्ट्झ अशासाठी की व्हिडिओचा आवाज ४८ वरच चालतो. नंतर कॅमेऱ्याच्या चित्राला हा आवाज जोडायचा झाला तर रूपांतर करावं लागत नाही. ४४.१ हा सीडीचा आकडा आहे. सीडी काढायचीच असेल तर तो बदल अगदी शेवटी करता येतो.

२४ बिट अशासाठी की आवाजाची पातळी मुद्दाम खाली ठेवता येते आणि नंतर उचलली तरी त्यामुळे खरखर वाढत नाही. दशावतारात पायपेटीच्या संथ सुरावरचं पद आणि लढाईच्या वेळी चढलेले मृदंग-झांज यांच्यात फार मोठं अंतर असतं. शून्य डेसिबल ही रेकॉर्डरची कमाल मर्यादा, तिच्या खालचे आकडे उणे असतात. बोलणं उणे १८ डेसिबलच्या आसपास राहील आणि झांजेचे सर्वांत मोठे ठोके उणे ६ च्या वर जाणार नाहीत अशी पातळी लावा. ती आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, चालू असतानाच बसवून घ्या. आख्यान सुरू झाल्यावर गेनच्या (आत येणारा आवाज कमी-जास्त करणाऱ्या) बटणाला हात लावू नका. मधेच बदललेली पातळी एडिट करताना दर प्रसंगाला आडवी येते.

आता आकाराचा हिशेब. ४८,००० नमुने, प्रत्येकी ३ बाइट, दोन बाजू: सेकंदाला २,८८,००० बाइट. मिनिटाला साधारण १७ एमबी, तासाला १ जीबीहून थोडं जास्त. सहा तासांच्या नाटकाला सव्वासहा जीबी लागतात. ३२ जीबीच्या कार्डावर तीस तास मावतात, त्यामुळे जागा वाचवण्यासाठी दर्जा उतरवायचं कारणच उरत नाही.

मात्र एक अडचण ठाऊक हवी. वेव्ह फाइलीच्या सुरुवातीला तिचा आकार लिहिलेला असतो आणि त्यासाठी ३२ बिटांचीच जागा आहे. ४ जीबीच्या पुढचा आकडा तिथे मावत नाही. आपल्या सेटिंगवर ही मर्यादा चार तास आठ मिनिटांच्या सुमारास येते. म्हणून रेकॉर्डर २ किंवा ४ जीबी झाले की आपोआप नवी फाइल उघडतो. चांगला रेकॉर्डर त्या सांध्यावर काहीच गाळत नाही, पण आपला कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहून घ्या: घरी रेडिओसमोर अडीच तास (४ जीबीला तोडणारा असेल तर साडेचार तास) चालू ठेवा, दोन्ही फाइली सॉफ्टवेअरमध्ये एकाच पट्टीवर पाठोपाठ लावा आणि सांधा हेडफोनने ऐका. शब्द तुटत असेल तर नाटकाच्या रात्री प्रवेश संपल्यावर स्वतःच थांबवून नवी फाइल सुरू करा.

झूम एच१ इसेन्शियलसारखे नवे रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतात. त्यात पातळी लावायची गरज राहत नाही. वर गेलेला आवाज नंतर खाली आणता येतो. तासाला १.४ जीबीच्या आसपास जागा लागते. पण माइकच्या आतच किंवा मंडपातल्या मिक्सरवरच आवाज फाटला असेल तर फ्लोट काही करू शकत नाही.

मिक्सरमधून आवाज घेताना सर्वांत जास्त फसगत होते. साउंडवाल्याकडून ‘रेक आउट’ किंवा ‘ऑक्स’मधून मिळणारा आवाज लाइन पातळीचा असतो. तो रेकॉर्डरच्या माइकच्या खाचेत दिला तर फाटतो. रेकॉर्डरवर लाइनची निवड असेल तर ती करा. नसेल तर पातळी कमी करणारी केबल मिळते, ती वापरा. फाटलेपण कुठे झालं ते सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या आवाजाच्या लहरीवरून ओळखता येतं: माथे सपाट आहेत आणि ते शून्य डेसिबलला टेकलेत, तर चूक रेकॉर्डरच्या पातळीची. माथे सपाट आहेत पण उणे १० वरच, तर आवाज रेकॉर्डरपर्यंत पोचण्याआधीच फाटला आहे; तिथे रेकॉर्डरचा गेन कमी करून उपयोग नाही, साउंडवाल्याला सांगूनच मिक्सरवर कमी करून घ्यावं लागतं.

शिवाय मिक्सरच्या वायरीत फक्त माइकसमोरचं येतं. बाजूला बसलेल्या मृदंगाचा आणि झांजेचा खरा आवाज आणि प्रेक्षकांची दाद त्यात नसते. चार ट्रॅकचा रेकॉर्डर असेल तर दोन ट्रॅकवर मिक्सर, दोनवर रेकॉर्डरचे स्वतःचे माइक. हे दोन्ही जोडताना आवाजाच्या वेगाचा हिशेब धरा: रंगमंचापासून १५ मीटरवर ठेवलेल्या माइकपर्यंत आवाज ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. एडिट करताना माइकचा ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे आधी, ओढला नाही तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो.

फोनवरच रेकॉर्ड करायचं असेल तर दोन गोष्टी पाहा. फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो: शिमग्यात ढोलाचा ठोका पडला की पुढचा अर्धा सेकंद सगळं दबतं आणि मग हळूहळू वर येतं. ही दाबादाबी नंतर काढता येत नाही. ती बंद करता येईल आणि वेव्हमध्ये साठवेल असं ॲप घ्या. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये सेटिंगमधून ‘लॉसलेस’ निवडता येतं. दुसरं, बहुतेक फोन एमफोरए फाइल करतात. या फाइलीची अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मधेच बॅटरी संपली तर आवाज आत असूनही फाइल उघडत नाही. वेव्ह अशी अर्धवट राहिली तर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरच्या ‘इम्पोर्ट रॉ डेटा’मधून २४ बिट, स्टिरिओ, ४८,००० असं सांगून बहुधा वाचवता येते.

खारा वारा आणि दमट हवा

किनाऱ्यावरच्या वाऱ्याला माइकवरचा साधा स्पंज पुरत नाही. वर केसाळ कव्हर लागतं. रेकॉर्डरवरचा ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे जाड आवाज कापणारी सोय) चालू करा, पण वाऱ्याच्या थपडेने आवाज फाटला तर तो कोणत्याच फिल्टरने सुधारत नाही. ढोल किंवा मृदंग हाच मुख्य असेल तर रेकॉर्डरवर लो-कट बंद ठेवा आणि वाऱ्याकडे पाठ करून बसा, कारण डग्ग्याच्या अंगाचा घुमारा त्याच खालच्या पट्टीत असतो.

कंडेन्सर माइक ओलसर झाला की तडतडतो. एसी गाडीतून उतरल्यावर माइक पिशवीतच अर्धा तास राहू द्या म्हणजे त्यावर दव धरत नाही. एरवी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या बदलत राहा.

कोणती फाइल कशासाठी

वेव्ह म्हणजे आवाज जसाच्या तसा. फ्लॅक म्हणजे तोच आवाज, एकही बिट न गमावता घडी घालून ठेवलेला. फ्लॅक २००१ पासून आहे, मोफत आहे आणि २०२४ च्या डिसेंबरात इंटरनेटच्या मानकांमध्ये त्याची अधिकृत नोंद झाली. जपण्यासाठी आमची पसंती फ्लॅकलाच आहे, आणि जागा वाचते हे त्याचं दुय्यम कारण. मुख्य कारण असं की फ्लॅक फाइलीत आतल्या आवाजाचा एक तपासणी-आकडा लिहिलेला असतो. पाच वर्षांनी हार्डडिस्कवर काही बिघडलं का, हे फाइल न ऐकता सॉफ्टवेअर सांगू शकतं. वेव्हमध्ये ही सोय नाही. फ्लॅक करताना ० ते ८ असे स्तर दिसतात. त्यांचा दर्जाशी संबंध नाही, फक्त लागणाऱ्या वेळेशी आणि आकाराशी आहे. ५ वर राहू द्या. जत्रेतलं रेकॉर्डिंग गजबजाटाचं असतं, त्यामुळे ते शांत खोलीतल्या गाण्याइतकं आक्रसत नाही. दोन तृतीयांशापर्यंत आलं तरी पुष्कळ. ३२ बिट फ्लोट मात्र फ्लॅकमध्ये मावत नाही. ते वेव्हमध्येच जपा, किंवा पातळी नीट करून २४ बिट काढा आणि मग फ्लॅक करा.

एमपीथ्री, एएसी आणि ओपस या तिन्ही फाइली कानाला कमी जाणवेल असा भाग टाकून देतात. यातल्या एमपीथ्रीला झांज सर्वांत जड जाते: १२८ केबीपीएसवर (सेकंदाला १२८ हजार बिट) झांजेची धार जाते आणि तिथे नुसती सळसळ उरते. भजन आणि नाटकासाठी १९२ च्या खाली जाऊ नका. तासाला ८६ एमबी होतात. नुसतं बोलणं असेल, आजीकडून ऐकलेल्या ओव्या किंवा मालवणीतल्या गजाली, तर मोनो आणि ९६ पुरेसं आहे. ओपस कमी आकारात जास्त चांगला आवाज देतो, पण जुन्या गाडीतला प्लेअर आणि देवळातला पेनड्राइव्हवाला ॲम्प्लिफायर त्याला ओळखत नाही. तिथे एमपीथ्रीच चालते.

एमपीथ्री पुन्हा वेव्ह करून काही परत येत नाही. एखाद्याने ‘ओरिजिनल वेव्ह’ म्हणून फाइल दिली तर ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या सुरांचं चित्र, उघडा. झांज वाजत असताना १६ किलोहर्ट्झच्या आसपास पट्टीने कापल्यासारखं वरचं सगळं काळं दिसलं, तर ती कधीतरी एमपीथ्री होऊन आलेली आहे. ज्याने रेकॉर्ड केलं त्याच्याकडे मूळ कार्डावरची फाइल मागा.

व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट बोलण्यासाठी घट्ट आवळलेली ओपस फाइल असते. बुवांचं भजन तिच्यावर पाठवू नका. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडली तर २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते.

सॉफ्टवेअर

एकच फाइल उघडायची, मागचं-पुढचं कापायचं, आवाज थोडा उचलायचा, एवढंच काम असेल तर ओसनऑडिओ घ्या. मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवर हलकं चालतं आणि इफेक्ट लावण्याआधी चालू आवाजावर ऐकवतं. एकाहून जास्त ट्रॅक मात्र त्यात जोडता येत नाहीत. आणि हातात फक्त एमपीथ्रीच असेल व ती नुसती कापायची असेल, तर विंडोजवरचं एमपीथ्रीडायरेक्टकट ती पुन्हा न आवळता कापतं.

पूर्ण नाटकाचं काम दोघांपैकी एकावर होतं: ऑडॅसिटी किंवा रीपर.

रीपर मूळ फाइलीला हात लावत नाही. तुम्ही कापलेलं, सरकवलेलं, फिल्टर लावलेलं सगळं तो एका छोट्या प्रोजेक्ट फाइलीत नोंदवून ठेवतो आणि ऐकवताना लागू करतो. सहा तासांचे चार ट्रॅक असले तरी कापाकापी क्षणात होते. ६० दिवस वापरून पाहता येतो. नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरला आहे. मिक्सर आणि माइक असे वेगळे ट्रॅक जुळवायचे असतील, किंवा गावातली मुलं दर वर्षी हे काम करणार असतील, तर रीपर शिकण्यात घातलेला आठवडा वाया जात नाही.

ऑडॅसिटी मोफत आहे आणि शिकायला सोपं. पण ते मोठ्या फाइलीवर कसं वागतं हे कळलं नाही तर ऐन वेळी डिस्क भरते. आत ते सगळं ३२ बिट फ्लोटमध्ये धरतं, म्हणजे सहा तासांचं नाटक आठ जीबीच्या पुढे जातं. त्यात प्रत्येक इफेक्ट मागे घेता यावा म्हणून ते जुनी प्रतही ठेवतं: पूर्ण रात्रीवर एक फिल्टर लावला की आणखी आठ जीबी. चाळीस जीबी मोकळी जागा ठेवूनच बसा. ३.० पासून प्रोजेक्ट एकाच मोठ्या फाइलीत साठतो. तो पेनड्राइव्हवर ठेवू नका, कारण बहुतेक पेनड्राइव्हच्या जुन्या मांडणीत ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. आणि हा प्रोजेक्ट म्हणजे ऐकायची फाइल नव्हे. दुसऱ्याला द्यायची फाइल ‘एक्स्पोर्ट’ करूनच काढावी लागते. फोनची एमफोरए उघडत नसेल तर एफएफएमपेग हा जोड वेगळा बसवावा लागतो.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी कार्डावरची फाइल लॅपटॉपवर उतरवा, तिची एक प्रत बाजूला ठेवा आणि प्रतीवरच काम करा. प्रोजेक्टचा दर ४८,००० आहे ना ते पाहा. ऑडॅसिटी एरवी ४४,१०० धरतं. मग पहिल्यापासून ऐकत जा आणि प्रवेश बदलला की कंट्रोल आणि एम दाबून खूण करा: गणपती, संकासुर, आख्यानाचा पहिला प्रवेश, लढाई. शेवटी एक्स्पोर्ट करताना खुणांनुसार वेगवेगळ्या फाइली निघतात. रात्रभराच्या नाटकात ऐकणाऱ्याला हवं ते सापडण्यासाठी या खुणांइतकं उपयोगी दुसरं काही नाही, म्हणून इथे घाई करू नका.

त्यानंतर हाय-पास फिल्टर (दिलेल्या आकड्याखालचे आवाज कापणारा), संवादाला ८० हर्ट्झ, ढोल-मृदंगाला ४०. विजेची घूं असेल तर एकच बारीक पट्टी कापणारा नॉच फिल्टर ५०, १०० आणि १५० वर, अरुंद ठेवून. घूं जनरेटरची असेल तर नॉच फसतो, कारण जनरेटरवर भार बदलला की वारंवारता ५० वरून हलते. तिथे प्रवेशागणिक स्पेक्ट्रोग्राममध्ये रेघ कुठे आहे ते पाहून आकडा बदलावा लागतो.

खरखर काढायचा ‘नॉइज रिडक्शन’ हा इफेक्ट सर्वांत जास्त रेकॉर्डिंग बिघडवतो. जिथे कोणी बोलत-वाजवत नाही, फक्त पंखा किंवा रातकिडे आहेत, असे दोन-तीन सेकंद निवडून नॉइज प्रोफाइल घ्या. मग पूर्ण ट्रॅक निवडा आणि ६ ते ९ डेसिबलच कमी करा. लावण्याआधी ‘रेसिड्यू’ निवडून ऐका. तिथे काढून टाकला जाणारा आवाज ऐकू येतो. त्यात पायपेटीचा सूर किंवा ‘स’, ‘श’ ऐकू आले तर मात्रा कमी करा. जास्त लावलं की गायक पाण्याखालून गातोय असं वाटायला लागतं. गणपतीतल्या भजनाच्या वेळी पत्र्यावर पडणारा पाऊस यात निघत नाही, कारण तो सतत बदलत असतो. तो राहू द्या. ते भजन पावसातच झालं होतं.

शेवटी ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ उणे १६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आणि त्यावर, मोठे ठोके अडवणारा, लिमिटर उणे १ डेसिबलवर. यूट्यूब उणे १४ पेक्षा मोठा आवाज स्वतःच खाली आणतं, त्यामुळे सगळं दाबून मोठं करण्यात फायदा नसतो. संथ पद आणि लढाई यांतलं अंतर मात्र मारलं जातं.

कॅमेऱ्याच्या चित्राला आवाज जोडताना सुरुवातीला एक टाळी घ्या आणि शेवटीही एक. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. तासाला एक-दोन दशांश सेकंदांचा फरक पडू शकतो आणि चौथ्या तासाला ओठ आणि शब्द सुटे होतात. एकतर प्रत्येक प्रवेश वेगळा जुळवा, नाहीतर दोन टाळ्यांमधल्या अंतराच्या फरकाइतकी आवाजाची गती बदला. ती टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते, सुरात काही कळत नाही.

माळ्यावरच्या कॅसेटी

फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चालवू नका, डेकच्या हेडवरून ती पुढच्या कॅसेटलाही लागते. बाकीच्यांसाठी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा. आवाज दबका वाटला तर हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू झांज सर्वांत स्वच्छ ऐकू येईपर्यंत किंचित फिरवा. दर कॅसेटला ही जागा वेगळी असू शकते. लॅपटॉपची माइकची खाच बहुधा मोनो असते, म्हणून यूएसबी इंटरफेसच्या लाइनमधून घ्या. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए अशा नकलेसाठी किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सांगते आणि ९६ ला पसंती देते. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४८ वर पाऊण जीबीच्या थोडी पुढे जाते. या मूळ नकलेवर कोणताही फिल्टर लावू नका.

नावं आणि प्रती

रेकॉर्डर फाइलींना अनुक्रमांकाची नावं देतो, आणि कार्ड फॉरमॅट केलं की तेच क्रमांक पुन्हा सुरू होऊ शकतात. दोन जत्रांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये उतरवल्या की एक दुसरीवर चढते. म्हणून दर जत्रेला वेगळा फोल्डर करा आणि उतरवल्याबरोबर नाव बदला: वर्ष, महिना, दिवस, गाव, मंडळ, भाग, याच क्रमाने, म्हणजे यादी आपोआप तारखेनुसार लागते. काही प्लेअर देवनागरी दाखवत नाहीत, तेव्हा फाइलीचं नाव रोमनमध्ये ठेवा आणि सोबत एका मजकूर-फाइलीत आख्यान, कलाकार, पायपेटी-मृदंगाचे साथीदार मराठीत लिहा. यूट्यूबवर टाकायचं असेल तर मंडळाची परवानगी कोणी आणि कधी दिली तेही तिथेच लिहून ठेवा.

प्रती तीन हव्यात, त्यांतली एक गावाबाहेर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरलं. अशा पुरात एकाच कपाटातल्या दोन हार्डडिस्क एकदमच जातात. तिसरी मुंबईच्या नातेवाइकांकडे ठेवा, गणपतीला ते आले की नव्या वर्षाच्या फाइलींसह बदलून द्या. मे महिन्यात, पावसाआधी, दोन्ही घरच्या डिस्क जोडून फ्लॅकची तपासणी चालवा. एखादी फाइल नापास झाली तर दुसऱ्या प्रतीवरून आधी ती भरून काढा आणि मगच कार्ड फॉरमॅट करायला घ्या.